सोसायटीतील पाणी आणि वीज : कोणते काम आधी, कोणते नंतर

पुणे, पिंपरी-चिंचवड, ठाणे, नाशिक या शहरांतील अनेक गृहनिर्माण सोसायट्या पाणी आणि वीज वाचवण्यासाठी मनापासून खर्च करतात. पण कामांचा क्रम बहुतेक वेळा उलटा लागतो. आधी गच्चीवर सौर पॅनेल येतात, उन्हाळ्यात टँकर वाढले की नवी बोअर घेतली जाते, मग कधीतरी सांडपाणी प्रक्रिया केंद्राकडे लक्ष जाते आणि पाण्याचा मीटर मात्र शेवटपर्यंत बसत नाही. त्यामुळे गळणाऱ्या टाकीत पाणी चढवणाऱ्या जुनाट पंपासाठी लागणारी वीज हाच सौर प्रकल्पाचा हिशेब ठरतो आणि ती चूक पुढची वीस-पंचवीस वर्षे गच्चीवर राहते.

पाणी आणि वीज ही सोसायटीत दोन वेगळी खाती नाहीत. जमिनीखालच्या टाकीतून गच्चीवर चढलेले पाणी सदनिकेतून सांडपाणी होऊन पुन्हा खाली येते, प्रक्रिया केंद्रात हवा सोडणाऱ्या ब्लोअरची वीज खाते, गाळले जाते आणि फ्लशसाठी परत वर चढते. म्हणून वाया गेलेल्या प्रत्येक बादलीमागे विजेचाही हिशेब असतो. पुढचे टप्पे याच कारणाने एका ठरावीक क्रमाने दिले आहेत आणि तो क्रम मोडू नये अशी विनंती आहे.

समजायला सोपे जावे म्हणून लेखभर एकच काल्पनिक उदाहरण घेतले आहे : सात मजल्यांच्या तीन इमारती, एकूण १२० सदनिका, सुमारे ४८० रहिवासी.

## पूर्वतयारी : कामाला हात लावण्यापूर्वी

पहिली गोष्ट म्हणजे कागद. सामायिक वापराच्या प्रत्येक वीजमीटरची मागील किमान बारा महिन्यांची बिले, पाणीपट्टीची बिले, टँकरच्या पावत्या, पंपांच्या दुरुस्तीच्या पावत्या आणि बांधकाम व्यावसायिकाकडून मिळालेले नळजोडणीचे नकाशे एका फाइलमध्ये गोळा करावेत. नकाशे मिळाले नसतील, आणि बहुतेक ठिकाणी ते मिळालेले नसतात, तर जुन्या प्लंबरला आणि सर्वांत जुन्या सुरक्षारक्षकाला सोबत घेऊन एक पूर्ण सकाळ प्रत्येक वॉल्व्ह शोधण्यात घालवावी. सापडलेल्या प्रत्येक वॉल्व्हला क्रमांक द्यावा, त्यावर पत्र्याची पट्टी बांधावी आणि तो बंद केल्यावर कोणत्या ओळीचे पाणी थांबते ते लिहून ठेवावे. ही यादी नसेल तर पुढची एकही चाचणी नीट होत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे माणूस. समितीतील एका सदस्याकडे आणि पंप चालवणाऱ्या एका कर्मचाऱ्याकडे नोंदवहीची जबाबदारी नावानिशी द्यावी. तिसरी गोष्ट म्हणजे सर्वसाधारण सभेचा छोटा ठराव : फक्त मीटर बसवणे आणि तीन महिने मोजणी करणे, एवढाच. पहिल्याच सभेत मोठ्या खर्चाचा प्रस्ताव आणला की चर्चा पैशावर जाते आणि मोजणीही मागे पडते.

सावधगिरी : अग्निशमनाची टाकी, पंप आणि त्यांची वीजजोडणी या सगळ्या कामातून पूर्णपणे वगळावी. गच्चीवरच्या टाकीत अग्निशमनासाठी राखलेली पातळी कोणत्याही बचतीसाठी खाली आणू नये.

## टप्पा १ : मोजणी

पाण्याचे मीटर किमान या ठिकाणी हवेत : महापालिकेच्या जोडणीनंतर, बोअरच्या पाइपावर, टँकर रिकामा होतो त्या तोंडावर, प्रत्येक इमारतीकडे जाणाऱ्या पंपाच्या पाइपावर आणि प्रक्रिया केलेले पाणी जिथून वर जाते तिथे. विजेचे उपमीटर पाण्याचे पंप, प्रक्रिया केंद्र, लिफ्ट आणि दिवे यांसाठी स्वतंत्र बसवावेत. एवढे केले की बिलावरचा एक मोठा आकडा चार ओळखीच्या आकड्यांत सुटा होतो.

मीटर बसवताना दोन चुका सर्रास होतात. एक, मीटर पाइपाच्या कोपऱ्याला किंवा वॉल्व्हला अगदी लागून बसवला जातो. तिथे पाणी भोवऱ्यासारखे फिरते आणि आकडा चुकतो. मीटरच्या अलीकडे-पलीकडे उत्पादकाने सांगितलेली सरळ पाइपाची लांबी सोडलीच पाहिजे. दुसरी, दिवसातून ठरावीक तास पाणी येणाऱ्या भागात पुरवठा सुरू होताना पाइपातली हवा मीटर जोरात फिरवते आणि न आलेले पाणीही मोजले जाते. त्यासाठी मीटर पाइपाच्या खालच्या पातळीवर, कायम पाण्याने भरलेला राहील असा बसवावा आणि त्याआधी हवा सोडणारा वॉल्व्ह द्यावा.

टँकर १० हजार लिटरचा म्हणून येतो, परंतु पावतीवरचा आकडा नोंदवहीत उतरवू नये. मीटर नसेल तर जमिनीखालच्या टाकीच्या आतल्या भिंतीवर सेंटिमीटरच्या खुणा रंगवून घ्याव्यात आणि टँकर उतरण्यापूर्वी व उतरल्यानंतरची पातळी लिहावी. पाणी मोजले जाते आहे हे दिसल्यावर पुरवठ्यातही फरक पडतो, हा स्वतःचा अनुभव आहे.

सगळ्या मीटरांचे आकडे रोज एकाच वेळी, शक्यतो सकाळी सहा वाजता, पंप सुरू होण्यापूर्वी घ्यावेत. तीस दिवसांनंतर दरडोई वापर काढावा. मलनिस्सारण व्यवस्था असलेल्या शहरांसाठी दरमाणशी दररोज १३५ लिटर हे सर्वसाधारण प्रमाण धरले जाते आणि त्यातले ४५ लिटर फ्लशसाठी असतात. आपल्या उदाहरणातील ४८० रहिवाशांना या हिशेबाने दिवसाला सुमारे ६५ हजार लिटर पुरायला हवे. मीटर ९५ हजार दाखवत असेल, तर रोज तीन टँकरइतके पाणी कुठेतरी जात आहे आणि ते कुठे जाते हे शोधल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

तपासणी : आत आलेले सर्व पाणी, इमारतींकडे गेलेले सर्व पाणी आणि टाकीतील पातळीचा फरक यांचा मेळ बसतो का ते पाहावे. मेळ बसत नसेल तर आधी मीटर तपासावा आणि नंतर टाकी.

## टप्पा २ : गळती शोधणे

या टप्प्यावर सर्वांत जास्त वेळ द्यावा. इथे खर्च कमी आणि फळ मोठे असते, तरीही हा टप्पा सगळ्यात घाईने उरकला जातो.

जमिनीखालची टाकी. रात्री टाकी भरून घ्यावी, येणारे-जाणारे सगळे वॉल्व्ह बंद करावेत आणि भिंतीवर खडूने पातळीची रेघ मारावी. सहा तासांनी पातळी उतरली असेल तर टाकीला गळती आहे. पातळी वाढली असेल तर एखादा वॉल्व्ह नीट बंद होत नाही किंवा बाहेरचे पाणी आत झिरपत आहे. ही दुसरी शक्यता अधिक गंभीर मानावी, कारण बाहेरचे पाणी म्हणजे अनेकदा शेजारच्या चेंबरमधले सांडपाणी असते. अशा वेळी पिण्याच्या पाण्याची तपासणी त्याच दिवशी करून घ्यावी.

गच्चीवरची टाकी. रात्री एक ते चार या वेळेत पंप बंद ठेवून टाकीतील पातळी मोजावी. टाकीचा तळ पाच मीटर लांब आणि चार मीटर रुंद असेल तर एक सेंटिमीटर म्हणजे २०० लिटर. तीन तासांत पातळी पाच सेंटिमीटर उतरली, तर हजार लिटर गेले. रात्री दोन-चार घरांत वापर होतोच, पण इतका होत नाही. हीच गती दिवसभर राहिली तर एका टाकीतून आठ हजार लिटर जातात. पुढच्या रात्री खाली जाणारे पाइप एकेक करून बंद करावेत. ज्या पाइपाचा वॉल्व्ह बंद केल्यावर पातळी थांबते, त्या ओळीतल्या सदनिकांत दोष आहे.

ओव्हरफ्लो. आमच्या सोसायटीत एका टाकीचा ओव्हरफ्लो पाइप बांधकामाच्या वेळीच पावसाच्या पाइपाला आतून जोडलेला होता. फ्लोट वॉल्व्हचा दांडा वाकलेला असल्यामुळे टाकी भरली तरी पाणी थांबत नसे आणि पहाटे पंप बंद होईपर्यंत ते त्या पाइपातून सरळ रस्त्याकडेच्या गटारात जाई. गच्ची कोरडी, भिंती कोरड्या, तक्रार कोणाचीच नाही. जानेवारीत, पावसाचा थेंब नसताना, जिना झाडणाऱ्या मावशींनी तळमजल्यावरच्या चेंबरमधून पाणी वाहिल्याचा आवाज येतो असे सांगितले, तेव्हा ते उघडकीस आले. तेव्हापासून प्रत्येक ओव्हरफ्लोचे तोंड सुरक्षारक्षकाच्या खुर्चीसमोर, उघड्यावर पडेल असे वळवून घेतले आहे. हे काम एका दिवसाचे आहे आणि प्रत्येक सोसायटीने ते करावे.

घरातील फ्लश. फ्लशच्या टाकीतील रबरी झडप झिजली की पाणी आवाज न करता भांड्यात उतरत राहते. टाकीत खाण्याच्या रंगाचे काही थेंब टाकून पंधरा मिनिटे फ्लश वापरू नये. भांड्यात रंग उतरला तर झडप बदलावी. सर्व सदनिकांत ही चाचणी एकाच रविवारी करावी, प्लंबर सोबत ठेवावा आणि झडपा सोसायटीने एकरकमी आणून ठेवाव्यात. सूचनाफलकावर नुसते आवाहन चिकटवले तर दहा घरांत चाचणी होते. दारात जाऊन केली तर शंभर घरांत होते.

सावधगिरी : पाण्याच्या टाकीत किंवा सांडपाण्याच्या चेंबरमध्ये एकट्या माणसाला उतरवू नये. बंद टाकीत प्राणवायू कमी असतो आणि सांडपाण्याच्या टाकीत विषारी वायू साठतो. संरक्षक साधनांशिवाय गटार किंवा सेप्टिक टाकी साफ करण्यासाठी माणूस उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरीही ते कोणी करू नये.

## टप्पा ३ : वापर घटवणे

गळती थांबल्यावरच नळांकडे वळावे. एक लिटरचे माप नळाखाली धरून सेकंद मोजावेत. माप पाच सेकंदांत भरले तर नळातून मिनिटाला १२ लिटर पाणी पडते. हात धुण्यासाठी मिनिटाला चार-पाच लिटरची धार पुरते. बेसिन आणि स्वयंपाकघरातील नळांना फेसाळ धार देणारी जाळी, म्हणजे एरेटर, बसवावी. न्हाणीघरातील बादलीच्या नळाला मात्र ती बसवू नये, कारण बादली भरायला लागते तितकेच पाणी लागते. फक्त वेळ वाढतो आणि रहिवासी वैतागून सगळ्याच जाळ्या काढून टाकतात. बोअरच्या क्षारयुक्त पाण्यात जाळी महिन्याभरात बुजते, म्हणून ती काढून लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये बुडवून स्वच्छ कशी करायची हे घरोघरी दाखवावे.

खालच्या मजल्यांवर पाण्याचा दाब जास्त असतो. दर दहा मीटर उंचीमागे सुमारे एक बार. दुसऱ्या मजल्यावरचा नळ सातव्यापेक्षा कितीतरी जोरात वाहतो आणि वॉशरही लवकर फाटतात. खाली येणाऱ्या मुख्य पाइपावर मधल्या मजल्याशी दाब कमी करणारा वॉल्व्ह बसवला तर घरातल्या कोणत्याही वस्तूला हात न लावता वापर कमी होतो.

सौर बंबाच्या गरम पाण्याबद्दल इथे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण विजेची बचत पाण्याच्या नासाडीत कशी बदलते ते याच ठिकाणी दिसते. गच्चीवरच्या टाकीतून पहिल्या मजल्यावर गरम पाणी पोचण्यापूर्वी पाइपात रात्रभर थंड झालेले सगळे पाणी आधी बाहेर येते. सकाळी साडेसहाला नळ सोडून हाताने ऊन-थंड बघत उभे राहिलेल्या माणसासमोर एक बादली, कधी दीड बादली पाणी मोरीत जाते आणि तेवढ्यावर कंटाळून तो विजेचा गिझर चालू करतो. म्हणजे पाणीही गेले आणि वीजही वाचली नाही. यावर उपाय असा की गरम पाण्याच्या पाइपावर उष्णतारोधक आवरण पूर्ण लांबीत चढवावे, उन्हाने फाटलेले जुने आवरण बदलावे आणि मुख्य पाइपातले थंड पाणी परत टाकीत नेणारी फेरओळ व तिचा छोटा पंप दुरुस्त करावा. हा पंप घड्याळी स्विचवर सकाळचे दोन-अडीच तासच चालावा. दिवसभर चालू राहिला तर तो पाइपातून उष्णता सांडत राहतो.

तपासणी : टप्पा २ आणि ३ नंतर पुन्हा तीस दिवस मोजणी करावी. दरडोई आकडा १३५ च्या आसपास येईपर्यंत पुढच्या कोणत्याही यंत्राची क्षमता ठरवू नये.

## टप्पा ४ : पंप

एक हजार लिटर पाणी एक मीटर उचलायला सिद्धांताप्रमाणे सुमारे २.७ वॉट-तास वीज लागते. यावरून पंपाची परीक्षा कोणालाही घरबसल्या घेता येते. टाकीचे बाहेर जाणारे वॉल्व्ह थोडा वेळ बंद ठेवून पंप एक तास चालवावा, टाकीतील वाढलेली पातळी आणि उपमीटरवरील युनिट लिहावेत.

समजा २० चौरस मीटर तळाच्या टाकीत एका तासात पातळी ६० सेंटिमीटर वाढली, म्हणजे १२ हजार लिटर चढले. उंची ३५ मीटर आणि वीज ६ युनिट. सिद्धांताप्रमाणे १२ × ३५ × २.७ म्हणजे सुमारे १.१ युनिट पुरायला हवे होते. कार्यक्षमता १९ टक्क्यांच्या आसपास निघाली. पाइपातील घर्षण धरूनही योग्य निवडलेला पंप आणि मोटर मिळून ४५ टक्क्यांच्या पुढे जायला हवेत, म्हणजे हेच काम अडीच युनिटच्या आत व्हायला हवे.

आकडा वाईट आला म्हणून लगेच नवा पंप आणू नये. आधी फूट वॉल्व्ह (पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या तळाचा), जाळी, अर्धवट उघडा गेट वॉल्व्ह, अडकलेला एनआरव्ही (पाणी उलटे येऊ न देणारा वॉल्व्ह) आणि क्षारांनी आवळलेला पाइप तपासावा. अनेकदा दोष तिथेच सापडतो. नवा पंप घ्यायचाच असेल तर जुन्याच्या अश्वशक्तीवरून घेऊ नये. दुकानात जाऊन साडेसातचा गेला म्हणून साडेसातचाच मागणे ही सर्वांत महाग पडणारी सवय आहे. किती उंचीवर तासाला किती पाणी हवे हे सांगून, उत्पादकाच्या आलेखावर तो बिंदू सर्वाधिक कार्यक्षमतेच्या जवळ येतो असा पंप निवडावा.

मोटर दुरुस्तीला गेली की परत आल्यावर हीच चाचणी पुन्हा घ्यावी. वारंवार वाइंडिंग झालेली मोटर चालते, पण जास्त वीज खाऊन चालते.

## टप्पा ५ : सांडपाण्याचा पुनर्वापर

पुरवलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के सांडपाणी होऊन परत येते. आपल्या उदाहरणात ते ५२ हजार लिटर होईल, आणि फ्लशसाठी लागतात साधारण २२ हजार. त्यामुळे प्रक्रिया केंद्र नीट चालले तर फ्लश आणि बागेला ताजे पाणी वापरावे लागत नाही.

केंद्र का बिघडते याचे कारण बहुतेक वेळा एकच असते : वीज वाचवण्यासाठी रात्री ब्लोअर पूर्ण बंद केला जातो. सांडपाणी शुद्ध करणारे जिवाणू हवेवर जगतात. रात्रभर हवा नाही मिळाली की ते मरतात, सकाळी वास सुटतो, मग वास येतो म्हणून केंद्रच बंद केले जाते आणि टँकरचे ताजे पाणी फ्लशमध्ये जाऊ लागते. वीज वाचवायची असेल तर पाण्यातील विरघळलेला प्राणवायू मोजून, तो लिटरला दोन मिलिग्रॅमच्या आसपास राहील अशा बेताने ब्लोअरची गती कमी करावी. अर्ध्याच सदनिकांत माणसे राहायला आली असतील तर पूर्ण क्षमतेने हवा देणे हाही अपव्ययच आहे.

रोजची परीक्षा सोपी आहे. हवा दिल्या जाणाऱ्या टाकीतील पाणी एक लिटरच्या पारदर्शक मोजपात्रात घेऊन तीस मिनिटे स्थिर ठेवावे. तपकिरी गाळ खाली बसून वर स्वच्छ पाणी दिसले तर केंद्राची प्रकृती चांगली आहे. गाळ काळा असेल तर हवा कमी पडते आहे. गाळ बसतच नसेल तर चालकाला बोलवावे. पात्राचे छायाचित्र रोज समितीच्या गटावर टाकण्याची पद्धत ठेवली तर केंद्र कागदावर चालत नाही. (गाळ तरंगत ठेवणाऱ्या पद्धतीच्या केंद्रांना ही चाचणी थेट लागू पडते, प्लास्टिकच्या चकत्यांवर जिवाणू वाढवणाऱ्या केंद्रात बाहेर पडणाऱ्या पाण्याचा गढूळपणा आणि वास पाहावा.) प्रयोगशाळेतील तपासणी आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्रातील अटी याव्यतिरिक्त पाळाव्याच लागतात.

सावधगिरी : प्रक्रिया केलेले पाणी सुरू करण्यापूर्वी प्रत्येक सदनिकेची जोडणी तपासलीच पाहिजे. घराचे नूतनीकरण करताना प्लंबर जवळचा पाइप म्हणून शौचालयातील जेट स्प्रे, कधी बेसिनसुद्धा, फ्लशच्या ओळीला जोडून टाकतात. ताज्या पाण्याचा मुख्य वॉल्व्ह बंद करावा, पाइपात साठलेले पाणी वाहून जाऊ द्यावे आणि मग घरातील एकेक नळ उघडावा. ज्यातून अजून पाणी येत राहते तो नळ प्रक्रिया केलेल्या पाण्यावर आहे. तिथे फक्त फ्लशची टाकी असायला हवी. जेट स्प्रे शरीराला लागतो, म्हणून त्याला ताजेच पाणी हवे. एका घरातही चुकीची जोडणी राहिली तरी पुरवठा सुरू करू नये.

## टप्पा ६ : पावसाचे पाणी

एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. १,५०० चौरस मीटर गच्चीवर पुण्यासारखा वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यातला ८० टक्के हाती लागला, तर ८ लाख ४० हजार लिटर मिळतात. आकडा मोठा दिसतो, पण आपल्या सोसायटीची ती जेमतेम तेरा दिवसांची गरज आहे. म्हणून पावसाच्या पाण्यावर वर्ष निघेल असे सभेत सांगू नये. बोअर टिकवणे आणि पावसाळ्यात टँकर टाळणे, हे त्याचे खरे काम आहे.

काम मे महिन्याच्या आत संपवावे. गच्ची झाडून घ्यावी, पहिल्या एक-दोन सरींचे धुळकट पाणी बाहेर सोडण्यासाठी वेगळा वॉल्व्ह ठेवावा आणि गाळणी उघडून धुता येईल अशी असावी. आपल्याकडे बहुतेक भागात काळा पाषाण आहे, त्यात पाणी फक्त भेगा आणि सांध्यांतून मुरते. त्यामुळे कुठेही खणलेला शोषखड्डा उपयोगी पडेलच असे नाही. बोअर पुनर्भरणापूर्वी स्वच्छ पाण्याचा एक टँकर मोजून बोअरमध्ये सोडावा आणि पातळी किती वेळात उतरते ते पाहावे. पाणी तोंडाशीच थांबले तर ती बोअर पुनर्भरणाला योग्य नाही.

बोअरमध्ये फक्त गच्चीवरचे गाळलेले पाणी सोडावे. वाहनतळावरचे तेलकट पाणी किंवा प्रक्रिया केलेले सांडपाणी त्यात गेले तर खराब झालेले भूजल आपल्या हयातीत स्वच्छ होईल याची खात्री नाही, आणि तेच पाणी शेजारच्या वस्तीतली माणसे पीत असतात.

पुणे महापालिका पर्जन्यजल संकलन, सौर ऊर्जा, गांडूळखत अशा प्रकल्पांना मिळकतकरात ५ ते १० टक्के सवलत देते. प्रकल्प प्रत्यक्ष चालू स्थितीत असावा लागतो, त्यामुळे दरवर्षीची छायाचित्रे आणि देखभालीच्या पावत्या जपाव्यात.

## टप्पा ७ : दिवे आणि लिफ्ट

हे काम सर्वांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. चोकसह सुमारे ५० वॉट घेणाऱ्या जुन्या ट्यूबच्या जागी २० वॉटची एलईडी लावावी. वाहनतळात हालचाल ओळखणारे दिवे लावताना जिन्यात आणि ज्येष्ठांच्या वाटेवर मात्र मंद दिवा कायम चालू ठेवावा. लिफ्टच्या केबिनमधील दिवा-पंखा वापर नसताना आपोआप बंद होतो का ते देखभाल करणाऱ्या कंपनीकडून तपासून घ्यावे.

## टप्पा ८ : सौर वीज

आता प्रकल्पाची क्षमता ठरवता येते. सुरुवातीला सोसायटीचा सामायिक वापर महिन्याला ९,००० युनिट होता आणि आधीच्या टप्प्यांनंतर तो ६,००० वर आला असे धरू. महाराष्ट्रात एक किलोवॉट सौर संच वर्षाला साधारण १,४०० युनिट देतो. पहिल्या आकड्यासाठी ७७ किलोवॉट लागले असते, आता ५१ पुरतात. किलोवॉटला सुमारे शंभर चौरस फूट धरले तर २,६०० चौरस फूट गच्ची वाचली, जिथे कपडे वाळतात आणि मुले खेळतात.

करारावर सही करण्यापूर्वी पुढील गोष्टी पाहाव्यात.

साधे नेट मीटरिंग, म्हणजे वीज कंपनीला दिलेली सौर वीज बिलातून वजा करण्याची सोय, ज्या वीजजोडणीवर घेतले जाते, त्याच जोडणीच्या बिलात सौर वीज वजा होते. तीन इमारतींचे तीन सामायिक मीटर असतील तर एका गच्चीवरचा मोठा संच तिन्ही बिले कमी करणार नाही; एक तर जोडण्यांची रचना आधी महावितरणकडे विचारून बदलावी किंवा संच विभागून बसवावा.

संचाची क्षमता मंजूर भाराशी, म्हणजे वीज कंपनीने त्या जोडणीसाठी मंजूर केलेल्या किलोवॉटशी, बांधलेली असते. वापर कमी झाला म्हणून उत्साहाने मंजूर भार आधीच घटवला तर सौर संचालाही तेवढीच मर्यादा पडते. आधी संचाची क्षमता निश्चित करावी आणि मग भाराचा अर्ज करावा.

वर्षअखेर शिल्लक राहिलेले युनिट वीज कंपनी घेते, पण आपण ज्या दराने वीज विकत घेतो त्या दराने नव्हे. गरजेपेक्षा मोठा संच म्हणूनच फायद्याचा नसतो.

पंतप्रधान सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांच्या सामायिक सुविधांसाठी किलोवॉटमागे १८ हजार रुपये अनुदान आहे. त्यासाठी योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर नोंदणी असलेला पुरवठादार आणि देशी बनावटीचे पॅनेल लागतात. अनुदान वजा करून किंमत सांगणाऱ्या दरपत्रकावर या दोन्ही बाबी लेखी घ्याव्यात.

सावली डिसेंबरमध्ये पाहावी, मे महिन्यात नव्हे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि लिफ्टच्या खोलीची, गच्चीवरच्या टाकीची सावली लांब पडते. टाकीचे झाकण, वॉल्व्ह आणि ओव्हरफ्लोपर्यंत माणूस पोचेल एवढी वाट चौकटींमध्ये सोडलीच पाहिजे. वॉल्व्हवरच पॅनेल बसवून गेलेले ठेकेदार पाहिलेले आहेत. गच्चीच्या जलरोधक थराला भोके पाडू नयेत, चौकटी वजनदार काँक्रीटच्या ठोकळ्यांवर उभ्या कराव्यात आणि वाऱ्याचा ताण अभियंत्याकडून तपासून घ्यावा.

पॅनेल पहाटे किंवा संध्याकाळी धुवावेत. तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नये आणि बोअरचे क्षारयुक्त पाणी वापरू नये, कारण वाळल्यावर राहिलेले पांढरे डाग वीजनिर्मिती घटवतात.

## टप्पा ९ : आकारणी आणि नोंदवही

घरोघरी मीटर बसवून वापराप्रमाणे पाण्याचे पैसे घ्यायचे असतील तर ते समितीच्या बैठकीत ठरवता येत नाही. आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीत, पाण्याचे शुल्क प्रत्येक सदनिकेतील नळजोडांची संख्या आणि आकार यांवर ठरते. त्यात बदल करायचा तर सर्वसाधारण सभेत उपविधी दुरुस्तीचा ठराव आणि निबंधकांकडे त्याची नोंदणी आवश्यक आहे. घाईने सुरू केलेली आकारणी पहिल्याच तक्रारीत अडकते, आणि पुढे चांगले मीटरही कपाटात पडून राहतात. दर ठरवताना दरडोई १३५ लिटरपर्यंतचा वापर साध्या दराने आणि त्यापुढचा चढ्या दराने ठेवावा. मोठ्या कुटुंबांवर अन्याय होऊ नये म्हणून राहणाऱ्या माणसांची संख्या वर्षातून एकदा नोंदवून घ्यावी.

नोंदवहीचे एक पान महिन्याला पुरते : एकूण पाणी, दरडोई लिटर, टँकरची संख्या, पंपाचे प्रति हजार लिटर युनिट, प्रक्रिया केंद्राचे युनिट, सौर निर्मिती आणि त्या महिन्यात काय दुरुस्त केले त्याची एक ओळ. प्रति हजार लिटर युनिट हा आकडा दोन महिने सलग चढला तर पंपाकडे किंवा एनआरव्हीकडे जावे. रात्रीची पातळी उतरू लागली तर फ्लशच्या झडपांचा रविवार पुन्हा ठरवावा.

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. त्या सभेच्या अहवालाला या बारा पानांच्या प्रती आणि वॉल्व्हची यादी जोडावी, म्हणजे समिती बदलली तरी नव्या सदस्यांना गच्चीवर जाऊन कोणता वॉल्व्ह कोणत्या इमारतीचा हे पुन्हा पहिल्यापासून शोधावे लागणार नाही.